आठवड्यातले दोन तास हवे आहेत : नाशिककरांना सभासद आणि स्वयंसेवक होण्याचं आवाहन

नाशिककर बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

पंचवटीतलं आमचं सेवा मंडळ तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचं आहे. घरात कुणी घसरून पडलं, खुब्याचं ऑपरेशन झालं की वॉकर किंवा व्हीलचेअर न्यायला माणसं आमच्याकडे येतात. रात्री-अपरात्री रक्तदाता हवा असतो तेव्हा फोन येतो. जिल्हा रुग्णालयात बाहेरगावच्या रुग्णांसोबत आमचे सभासद उभे राहतात. ही कामं वर्षागणिक वाढत आहेत आणि करणारी माणसं मात्र कमी होत आहेत. ज्यांनी मंडळ उभं केलं त्यांच्यातले बहुतेक जण सत्तरीच्या पुढे गेले. त्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला, काही परदेशात. जे उरलेत ते झेपेल तोवर करत आहेत, पण दोन जिने चढून पलंग पोचवणं आता त्यांच्याच्यानं होत नाही.

म्हणून हे आवाहन. देणगीबद्दल पुढे लिहिलं आहेच. पण आज आमची पहिली मागणी माणसांची आहे. आठवड्यातले दोन तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी.

वार आणि वेळ ठरलेली असावी, असा आग्रह मुद्दाम धरतो आहोत. विसर्जनाच्या दिवशी गोदाघाटावर निर्माल्य गोळा करायला तरुण मुलं-मुली भरपूर येतात. रक्तदान शिबिराच्या दिवशीही मंडप भरतो. त्याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. अडचण येते ती एरवीच्या बुधवारी सकाळी नऊला. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून आजारी बापाला घेऊन आलेला मुलगा सुटीचा वार पाहून येत नाही. त्याच्यासाठी त्या बुधवारी कुणीतरी हजर असावंच लागतं, आणि ते कुणीतरी कोण, हे मंगळवारी रात्रीच माहीत असावं लागतं.

आधी रुग्णालयाबद्दल सांगतो, कारण तिथली गरज सर्वांत मोठी आहे.

त्र्यंबक रस्त्यावरच्या ज्या जिल्हा शासकीय रुग्णालयाला आपण सगळे सिव्हिल म्हणतो, तिथे सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरी, कळवण अशा सगळ्या बाजूंनी रुग्ण येतात. पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघालेला माणूस रुग्णालयात पोचतो तेव्हा आधीच थकलेला असतो. मग केसपेपर कुठे काढायचा, ओपीडीची कोणती खोली, एक्स-रे कुठल्या इमारतीत, रिपोर्ट कधी आणि कोणाकडे मागायचा, हे सगळं त्याला नव्यानं शिकावं लागतं. डॉक्टर आणि नर्स यांच्यासमोर रांग असते. प्रत्येकाला हाताला धरून नेणं त्यांना शक्य नाही. तिथे आपला स्वयंसेवक लागतो. त्याला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. वाचता येणं, चालता येणं आणि दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणं, इतकं पुरे.

त्यातही एक काम असं आहे की ते नीट झालं तर एका कुटुंबाची जमीन किंवा बैल विकायचे वाचतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनांमधून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मोफत मिळतात. सरकारी रुग्णालयांप्रमाणे अनेक खासगी रुग्णालयंही योजनेत आहेत आणि तिथे रुग्णांना मदत करायला योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, बसलेला असतो. पण त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच पुष्कळ माणसं अडकतात. शिधापत्रिका गावी राहिलेली असते. आधारवरचं नाव आणि शिधापत्रिकेवरचं नाव जुळत नाही. नव्या सुनेचं नाव अजून चढलेलंच नसतं. अशा वेळी गावी फोन लावून कागदाचा फोटो मागवणं, आरोग्यमित्राशी बोलणं, लागेल तो दाखला कुठून मिळेल ते सांगणं, हे आमचे स्वयंसेवक करतात. बँकेत, तहसील कचेरीत, विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेल्यांनी हे काम हाती घेतलं तर फार मोठा उपयोग होईल. कागद पाहिल्याबरोबर कुठे काय राहिलं आहे हे तुमच्या लक्षात येतं. ते आमच्या तरुण मुलांना शिकायला वेळ लागतो.

आणि ज्यांना कोकणा बोली येते त्यांना तर हात जोडून विनंती. सुरगाणा-पेठकडच्या म्हाताऱ्या बायकांना आपली शहरी मराठी समजते, पण दुखणं सांगायचं तर त्यांच्या बोलीतच सांगता येतं. 'कधीपासून दुखतंय' या साध्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं तर डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं. आदिवासी वसतिगृहांत राहून शिकणाऱ्या मुलामुलींनी महिन्यातून दोन-तीन सकाळी दिल्या तरी आम्हाला चालेल.

रुग्णाला दाखल केलं की नातेवाइकांच्या मुक्कामाचा प्रश्न येतो. गाडगेबाबांनी नाशिकला धर्मशाळा उभारली, ती बाहेरगावाहून आलेल्या गोरगरिबाला पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून. ती गरज अजून तशीच आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि अंगावर एका चादरीनिशी आलेली माणसं वॉर्डाबाहेर रात्र काढतात. त्या दिवसांत मंडळ चटया आणि घोंगड्या देतं, दुसऱ्या दिवशी परत घेतं, धुतं, पुन्हा देतं. धुण्यासाठी आणि ने-आण करण्यासाठी गाडी असलेला एक माणूस मिळाला तर मोठं ओझं हलकं होईल.

आता रुग्णोपयोगी साहित्य केंद्राबद्दल. कॉट, एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, काठ्या, कुबड्या, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असं साहित्य मंडळ परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर देतं. भाडं घेत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून एअर बेड किती मोलाचा आहे, हे ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्यालाच कळेल. पण नुसता बेड देऊन भागत नाही. तो कसा फुगवायचा, वर चादर कशी टाकायची, पंप चालू ठेवूनही रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर का वळवायचं, हे घरी जाऊन दाखवावं लागतं. निवृत्त परिचारिकांनी या एका गोष्टीसाठी तरी आमच्याकडे यावं.

परत आलेलं साहित्य पुन्हा देण्याजोगं करणं ही खरी मेहनत. व्हीलचेअरचे ब्रेक ढिले होतात, पुढच्या छोट्या चाकांत केस आणि दोरे अडकून बेअरिंग जाम होतं, वॉकरच्या पायाचे रबर झिजतात. रबर झिजलेला वॉकर ओल्या फरशीवर सरकतो आणि ज्याला पडू नये म्हणून दिला तोच पडतो. आज आमच्या खोलीत दुरुस्तीअभावी पडून असलेल्या खुर्च्या आहेत, आणि त्याच वेळी खुर्ची मागायला आलेल्या माणसाला 'आठवड्याने या' म्हणावं लागतं. हे मनाला लागतं. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत ज्यांचा हात तयार झाला, ओझरला विमानांच्या कारखान्यात किंवा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ज्यांनी यंत्रं सांभाळली, असे शेकडो कसबी लोक या शहरात निवृत्त होऊन राहतात. दादा, काका, तुमचं ते कसब आम्हाला हवं आहे. शनिवारी दुपारी दोन तास पाना आणि ग्रीसचा डबा घेऊन बसलात तर त्या सगळ्या खुर्च्या पुन्हा घराघरांत फिरू लागतील. वेल्डिंग येणारा एक जण मिळाला तर दुधात साखर.

रक्तदात्यांची यादी हे तिसरं काम, आणि ते घरबसल्या करता येतं. लाल पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स मात्र जेमतेम पाच दिवस. त्यामुळे एकाच दिवशी मोठं शिबिर घेऊन वर्षभराची सोय होत नाही. मे महिन्याच्या सुटीत आणि दिवाळीत रक्तपेढ्यांतला साठा उतरतो. पावसाळा सरता सरता डेंग्यू वाढला की प्लेटलेट्सची मागणी एकदम चढते. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, सण असो वा सुटी. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी रक्त देता येतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. कोणी कधी दिलं, आता कोण देऊ शकेल, याची नोंद ठेवून फोन करणारं माणूस आम्हाला हवं आहे. घराबाहेर पडता येत नाही अशा गृहिणींना किंवा ज्येष्ठांना हे काम सहज जमेल.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की सगळ्या नाशिकची नजर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे लागते. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं, यावरून गावातला माणूस पुराचा अंदाज घेतो. २००८ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना सराफ बाजार आणि भांडी बाजारापर्यंत पाणी कसं येतं ते सांगावं लागणार नाही. विसर्गाचा इशारा येण्यापासून घाटावर पाणी चढेपर्यंत मिळणारा वेळ थोडा असतो. तेवढ्यात टपरीवाल्यांना, फुलवाल्यांना, घाटावर झोपणाऱ्या निराधारांना निरोप पोचवायचा, सामान वर हलवायचं, म्हाताऱ्या माणसांना उचलून न्यायचं. यासाठी घाटाजवळच राहणारे दहा-पंधरा तरुण हवेत. सिडकोतून किंवा इंदिरानगरातून निघालेला मुलगा कितीही तळमळीचा असला तरी वेळेत पोचत नाही. रविवार कारंजा, पंचवटी, जुनं नाशिक इथल्या मुलांनी हे मनावर घ्यावं.

आणि आता सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं. तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. म्हणजे ऐन पावसात, धरणं भरत असताना, लाखो माणसं याच घाटांवर येणार. २७ ऑगस्ट २००३ आपण विसरलेलो नाही. रामकुंडाच्या वाटेवरच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले. बंदोबस्ताचं काम पोलिसांचं आणि प्रशासनाचं आहे, त्यात आपण लुडबुड करायची नाही. पण हरवलेल्या आजीला बाजूला बसवून पाणी देणं, तिच्या घरच्यांचा नंबर शोधणं, कोणता रस्ता जायचा आणि कोणता यायचा हे नम्रपणे सांगत राहणं, चक्कर आलेल्याला गर्दीतून बाहेर काढणं, हे आपल्याला करता येईल. मात्र ते आयत्या वेळी येत नाही. हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं आणि मोठ्या माणसाला किमान पाच सेंटिमीटर खोल द्यायचा असतो. हे वाचून समजतं, पण हाताला बसायला सराव लागतो. म्हणून प्रथमोपचाराचा वर्ग मंडळ आतापासून घेणार आहे. सिंहस्थात काम करायची इच्छा असेल त्यांनी आत्ताच नाव द्यावं. आदल्या महिन्यात आलेल्यांना घाटावर उभं करणं आम्हाला योग्य वाटत नाही.

सभासद कोण होऊ शकतं? अठरा वर्षांवरील कोणीही. सभासदाला सर्वसाधारण सभेत मत असतं, हिशेब पाहण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क असतो, कार्यकारिणीची निवडणूक लढवता येते. वर्गणी न भरता फक्त स्वयंसेवक म्हणून काम करायचं असेल तरी दार उघडं आहे. आमच्या अर्जात जात आणि धर्माचा रकाना नाही. ज्या गावात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली माणसं वर्षानुवर्षं त्या दाराशी झगडली, त्या गावात सेवेचं काम करायचं तर तो रकाना असूच नये, असं आमचं ठाम मत आहे. राजकीय पक्षाचं काम तुम्ही बाहेर जरूर करा. मंडळाच्या कामावर असताना पक्षाचा गमछा आणि झेंडा नको.

स्त्रियांना एक विशेष सांगणं. रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेल्या मुली आमच्या पुरुष सभासदांशी मोकळेपणानं बोलत नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. त्या वॉर्डासाठी आम्हाला बायकाच हव्या आहेत. दोघी-दोघींच्या जोडीनं काम देऊ, एकटीला कुठे पाठवणार नाही.

देणगीबद्दल थोडक्यात. सध्या सर्वांत जास्त गरज एअर बेड, कमोड खुर्च्या आणि वॉकरच्या रबरांची आहे. घरातल्या वडिलधाऱ्यांच्या पश्चात माळ्यावर ठेवलेलं साहित्य असेल तर ते आम्हाला द्या. ने-आणीची सोय आम्ही करू. उघडलेली औषधं आणि जुने कपडे मात्र आणू नयेत, त्यांची छाननी करायला आमच्याकडे माणसं नाहीत. रोख देणगी दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची रक्कम चेकनं किंवा यूपीआयनं द्या, कारण त्याहून जास्त रोख रकमेला ती सवलत मिळत नाही. वर्षाचा तपासलेला हिशेब मंडळाच्या फलकावर लावलेला असतो. तो जरूर वाचा.

नाव नोंदवायला मंडळाच्या पंचवटीतल्या खोलीवर संध्याकाळी सहा ते आठ या वेळात या, रविवारी सकाळीही खोली उघडी असते. सोबत आधारची एक प्रत आणि दोन फोटो आणा. त्याआधी घरी बसून एवढंच ठरवा की आठवड्यातला कोणता वार आणि कोणते दोन तास तुम्हाला वर्षभर देता येतील. काम कोणतं हे आपण समोरासमोर बसून ठरवू. पहिले चार आठवडे जुन्या सभासदासोबत काम पाहायचं, जमतंय असं वाटलं तर पुढे चालू ठेवायचं, नाही वाटलं तर मोकळेपणानं सांगायचं. आणि ओळखीत कोणी कोकणा बोलणारं असेल, कोणी फिटर काका असतील, तर येताना त्यांनाही सोबत घेऊन या.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)