दगड, दोरी आणि 'सर्कस'

महोदय,

शिक्षकांनी वर्गाची सर्कस करू नये, असा उपदेश करणारा लेख कालच्या पुरवणीत वाचला. लेख सुबक आहे. लेखकमहाशय शाळेच्या वर्गात शेवटचे कधी उभे राहिले होते, तेवढं मात्र त्यातून कळलं नाही.

'शिक्षकाने विदूषक होऊ नये' या वाक्याला आम्हाला विज्ञान शिकवणारे सर आठवले. विदूषक कसले, त्यांना धड हसताही येत नसे. एका तासाला ते पुस्तकाऐवजी दोरी आणि दोन दगड घेऊन आले. एक दगड मुठीत मावणारा, दुसरा दोन हातांनी उचलावा लागणारा. दोन्ही सारख्याच लांबीच्या दोरीने तुळईला टांगून लंबक केले, "झुलवले तर आधी परत कोण येईल?" एवढं विचारलं आणि खुर्चीत जाऊन बसले. जड दगडच जिंकणार, याबद्दल वर्गात दुमत नव्हतं. प्रत्यक्षात तोच किंचित मागे पडू लागला! मग जी भांडणं जुंपली ती विचारू नका. सर फक्त म्हणायचे, "मोजा." शेवटी मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने शोधलं की लांबी दोरीची नव्हे, दगडाच्या मध्यापर्यंतची धरायला हवी. मोठ्या दगडाचा मध्य खाली होता. तो वर घेतल्यावर दोघे बरोबरीने झुलू लागले.

पुढे आम्हीच हट्टाला पेटलो. एक मीटर लांबीला जाऊन-येऊन साधारण दोन सेकंद लागतात, तर चार सेकंदांना दोन मीटर पुरतील? पुरले नाहीत. चार मीटर लागले, आणि तेवढी उंची जिन्यातच होती. त्यामुळे अख्खा वर्ग जिन्यात उभा राहून आकडे ओरडत होता, आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक तिथून गेले. लंबकाचं, वर्गमूळ असलेलं ते सूत्र पुढे पुस्तकात आलं, तेव्हा कोणाला पाठ करावं लागलं नाही.

सरांना लेखी समज मिळाली. कारण, गोंगाट आणि मागे पडलेला पोर्शन. वहीत काहीच लिहून दिलेलं नाही, अशी काही पालकांची तक्रारही होती. पुढच्या वर्षी आमचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. नव्या बाईंनी प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून दिली, आम्ही ती उतरवून घेतली. कोणत्या धड्याची, ते आज सांगता येणार नाही.

लेखकांना पुरावाच हवा असेल तर तोही आहे. महाविद्यालयातल्या विज्ञान-गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ सालचा अभ्यास तर आमच्या पालकांनी वाचायला हवा होता. स्वतः झटापट करणारी मुलं चाचणीत पुढे गेली, पण 'आपण कमी शिकलो' असंच त्यांना वाटत होतं. छान व्याख्यान ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं, त्यातली गत! आणि १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं देणारे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे? तेही विदूषकच म्हणायचे का?

पडद्यावर कार्टून लावून मास्तर मोबाइल बघत बसतात, त्यावर लेखकांनी ओढलेले ताशेरे मात्र मान्य आहेत. त्याबद्दल त्यांना हवं तर हार घाला. पण दोन्हींना एकाच दावणीला बांधू नका.

जाता जाता, आपल्या मुलांच्या पानावर गेल्या महिन्यात एक विज्ञानकोडं आलं होतं. 'उत्तर पुढील अंकी' असं खाली छापलं होतं. पुढील अंक येऊन गेले, उत्तर आलेलं नाही. आमचे सरही उत्तर द्यायचे नाहीत, पण ते मुद्दाम.

आपला,
एक जुना वर्गणीदार