फिल्टर हाऊसवाल्या काकांना, हौदातल्या माशांकडून आणि माझ्याकडून

काका, नमस्कार. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हां हां, चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या सांगलीच्या घरामागं सासऱ्यांच्या काळातला हौद आहे. ६ फूट बाय ४ फूट, पाणी २ फूट. वॉटर लिली, थोडे गोल्डफिश, गप्पी आणि एक छोटं कारंजं. मेंटेनन्सला एक माणूस लावलेला, तो महिन्याला यायचा, हौद अख्खा उपसायचा, भिंती टीसीएल (ब्लीचिंग पावडर) लावून घासायचा, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराफेक करायचा आणि वरून डायरेक्ट नळाचं पाणी सोडून पैसे घेऊन जायचा. दिसायला एकदम चकाचक, आणि दोन-तीन दिवसांत मासे उलटे. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मासेच कमजोर आहेत मॅडम."

मग तुम्ही आलात. आयुष्यभर फिल्टर हाऊसवर, म्हणजे गावाचं पाणी शुद्ध करतात तिथं, नोकरी केलेला माणूस, आल्या आल्या हौदाकडं बघितलंच नाही, आधी नळाकडं गेलात. खिशातनं ओटीची, म्हणजे पाण्यातली क्लोरीन तपासायच्या केमिकलची, बाटली काढली, टेस्ट ट्यूबमध्ये नळाचं पाणी, त्यात थेंब, आणि पाणी पिवळं झालं. "ही क्लोरीन. माणसाला पाहिजेच, नळाला लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम तरी यायलाच लागतं. पण माशाच्या कल्ल्यांना हे सोसत नाही." वर ट्यूबमधलं पाणी हौदात टाकू नको म्हणून दटावलंत, ते केमिकल विषारी असतं म्हणून. आणि पावसाळ्यात कृष्णा गढूळ आली की तुरटीबरोबर क्लोरीनचा डोसपण वाढतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये जास्त जपायचं, हे तुमच्याशिवाय मला कुणी सांगितलं असतं?

पण खरं कळलं ते स्पंजचं. मासे कल्ल्यांतनं अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विष. स्पंजवर, दगडांवर, भिंतीवरच्या त्या बुळबुळीत थरात जिवाणू असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट लिली खाते. म्हणजे तो माणूस दर महिन्याला घाण समजून जे घासून टाकत होता तोच आमचा फिल्टर होता! नवीन बसायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि हा ४ आठवड्यांत परत हजर, मग बसणार कधी. तुम्ही म्हणालात, "विरजण सगळं धुऊन टाकलंस तर दही कशाचं लागणार गं?" तेव्हापासून दोन स्पंज केलेत, एका वेळी एकच, तोही हौदाच्याच पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, बास. बादलीतलं काळं पाणी कढीपत्त्याला. कढीपत्ता काय सुटलाय म्हणून सांगू.

हिशोब तुम्ही उभ्या उभ्या केलात. ४८ घनफूट, घनफुटाला २८ लिटर, म्हणजे साधारण १३५० लिटर. आठवड्याला २०० लिटरचं एक पिंप काढायचं आणि एक पिंप भरायचं, १५ टक्के होतात. पिंप आदल्या दिवशी भरून उघडं उन्हात ठेवायचं, क्लोरीन उडून जाते, मग ओटी बघायची, पिवळं नाही झालं तरच हौदात. घाई असली तर दुकानातले अँटी-क्लोरीनचे थेंब. उन्हाळ्यात मी म्हटलं पाणी आटतंच आहे, तर नुसतं वरून भरलं तर? तर म्हणालात, वाफ होऊन पाणी जातं, क्षार जात नाहीत, ते साठतच राहतात, म्हणून आधी काढायचं आणि मग भरायचं.

आमच्या ह्यांना मात्र पंपावरून तुम्ही जे ऐकवलंत ते मी फार एन्जॉय केलं, सॉरी. वीज वाचवायला हे रात्री पंप बंद करायचे. रात्री लिली आणि शेवाळ दोघंही ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट ओढतात, त्यात एप्रिल-मेचं कोमट पाणी, त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते आणि आम्ही समजत होतो भूक लागली! वर दाणे टाकत होतो. १८ वॉटचा पंप चोवीस तास चालवला तरी महिन्याला १३ युनिट, हे तुम्ही बिलाच्याच पाठीमागं लिहून दाखवलंत. आता चालूच असतो. खाणंही दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच.

हिरव्या पाण्याला औषध मागितलं तेव्हा तुम्ही लिलीची आणखी एक कुंडी ठेवायला सांगितलीत, पानांनी निम्म्याच्या वर पाणी झाकलं की शेवाळाला ऊनच मिळत नाही. वेळ लागला, पण झालं. तळ अजून तसा काळपटच दिसतो, सासूबाईंना ते पटत नाही, पण मासे जगतायत म्हटल्यावर त्यापण गप्प.

हां, आशाताई डेंग्यूच्या अळ्या बघायला आल्या होत्या. आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणाल्या, मी म्हटलं हौद कोरडा करता येत नाही पण गप्पी आहेत. बॅटरी मारून बघितलं, एक अळी नाही. अंड्याचा डास व्हायला ८-१० दिवस लागतात, आमचे गप्पी तेवढं थांबतच नाहीत.

आणि आता तेच गप्पी इतके झालेत की गल्लीत वाटतेय. तुमच्या शेजाऱ्यांच्या टाकीसाठी पाहिजेत म्हणाला होता ना, रविवारी सकाळी उन्हाच्या आधी डबा घेऊन येते, पण त्यांना तेवढं टाकीचं पाणी ओटी करून ठेवायला सांगा.