शाळेचा रस्ता बंद करा, पण पाटी वळणाआधी दिसू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुटताना होणाऱ्या कोंडीबद्दल आपल्या दैनिकात वाचकांची पत्रं नेहमी येतात. अलीकडे त्यांत ‘लंडनमध्ये शाळेसमोरचा रस्ता ठरावीक वेळ गाड्यांना बंद ठेवतात, तसं आपल्याकडेही करा’ अशी मागणी वाचली. मी मूळची नाशिकची. बरीच वर्षं पश्चिम लंडनच्या एका उपनगरात राहते आणि आमचं घर अशाच एका रस्त्यावर आहे. मागणी रास्त आहे. मात्र या योजनेबरोबर काय काय येतं, हे तिच्यात राहणाऱ्यांनी सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे.

ही कल्पना मुळात इटलीतल्या बोल्झानो शहरातली, 1989 पासूनची. तिथे शाळा भरताना आणि सुटताना पंधरा मिनिटं रस्त्यावर आडवे अडथळे लावतात आणि तिथे माणूस उभा असतो. ब्रिटनमध्ये 2015 साली स्कॉटलंडच्या हॅडिंग्टन गावात तिची सुरुवात झाली. पुढे लंडनच्या कौन्सिलांनी, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकांनी, ती उचलली आणि 2020 मध्ये, करोनाच्या काळात, ती झपाट्याने वाढली. आज लंडनमध्ये असे पाचशेहून जास्त रस्ते आहेत. सकाळी तासभर आणि दुपारी तासभर परवाना नसलेल्या गाडीला आत यायला मनाई असते. चालत किंवा सायकलने कोणीही यावं.

फायदा काय झाला, तो मी दारातून रोज पाहते. पूर्वी शाळेपुढच्या पिवळ्या नागमोडी रेषांवर, जिथे थांबायलाच बंदी आहे, तिथे पालकांच्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असायच्या. काही जण फुटपाथवर दोन चाकं चढवायचे आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईला रस्त्यावर उतरावं लागायचं. आता सकाळी पोरं पायाने ढकलायच्या स्कूटर दामटत रस्त्याच्या मधून जातात. धुराचा प्रश्नही इथे पुस्तकी राहिलेला नाही. दक्षिण लंडनमधल्या लुइशममध्ये, मोठ्या रहदारीच्या रस्त्याजवळ राहणारी एला ही नऊ वर्षांची मुलगी 2013 मध्ये दम्याने गेली. तिच्या मृत्यूचं एक कारण हवेचं प्रदूषण हे होतं, असा निर्णय कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, डिसेंबर 2020 मध्ये दिला. असा निर्णय या देशात पहिल्यांदाच झाला. त्यामुळे ‘योजना गुंडाळा’ असं आमच्या रस्त्यावर फार कोणी म्हणत नाही. संताप आहे तो दंडाच्या पद्धतीवर.

लंडनमध्ये अडथळे आणि ते लावणारी माणसं जाऊन बहुतेक ठिकाणी कॅमेरे आले. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, परवान्यांच्या यादीत नंबर नसेल तर गाडीमालकाच्या घरी दंडाचं पत्र जातं. एप्रिल 2025 पासून हा दंड 160 पौंड आहे, म्हणजे अठरा हजार रुपयांच्या वर. चौदा दिवसांत भरला तर निम्मा. आमच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना परवाना मिळतो. पाहुण्यांना मिळत नाही. नळ दुरुस्त करायला येणाऱ्याला नाही, सामान पोचवणाऱ्याला नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल करायला येणाऱ्या बाईंना अर्ज केल्यावर मिळतो, पण एजन्सीने त्या दिवशी दुसऱ्याच बाई पाठवल्या तर त्यांच्या गाडीचा नंबर यादीत नसतो.

आता पाटीबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. पांढरा फलक, त्यावर लाल वर्तुळ, वर्तुळात मोटारीच्या वर मोटारसायकलचं चित्र, खाली वार, सकाळची वेळ, दुपारची वेळ आणि ‘परवानाधारक वगळून’ ही ओळ. हे दोन फलक आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना उभे आहेत, गल्लीत शिरणाऱ्याकडे तोंड करून. मुख्य रस्त्यावरून येणाऱ्या चालकाला त्यांची फक्त कड दिसते. मजकूर दिसतो तो स्टिअरिंग वळवल्यावर. तेव्हा मागे बस असते, शेजारून सायकलवाले जात असतात, समोर मुलं असतात. त्या क्षणी चार ओळी वाचायच्या, घड्याळ बघायचं आणि गाडी मागे घ्यायची, हे करू जाणं मुलांच्याच जिवाला धोक्याचं आहे. मुख्य रस्त्यावर वळणाच्या थोडं आधी ‘पुढची गल्ली शाळेच्या वेळेत बंद’ एवढी पाटी लावली तर निम्मे लोक वळणारच नाहीत. आम्ही शेजाऱ्यांनी सह्या करून तसं निवेदन दिलं. ‘फलक नियमानुसार आहेत’ असं उत्तर आलं.

जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं, शुक्रवारी दुपारी. येणाऱ्या सगळ्यांना वेळ आणि बंदी दोन्ही कळवलं होतं. तरी दोघी पलीकडच्या टोकाने आल्या, कारण फोनवरच्या नकाशाने तो रस्ता दाखवला. पुढच्या आठवड्यात दोघींकडे पत्रं आली. त्यातली एक नुकतीच नोकरी सुटलेली. मी पैसे देऊ केले तर तिने घेतले नाहीत, आणि नंतर मात्र ती आमच्याकडे दुपारची यायची थांबली. कौन्सिलच्या कुठल्याही हिशेबात हे नुकसान येत नाही. रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडे येणाजाणाऱ्यांचा राबता असाच आटला आहे.

दंडाविरुद्ध दाद मागता येते, नाही असं नाही. अठ्ठावीस दिवसांत कौन्सिलकडे हरकत घ्यायची, ती फेटाळली तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जायचं. त्याला फी नाही. पण तिथे जाऊन हरलात तर साधारणपणे निम्म्या रकमेची सवलत गेलेली असते. 80 भरून सुटायचं की 160 चा धोका घ्यायचा, असा हिशेब समोर आला की खरी बाजू असलेला माणूसही 80 भरून मोकळा होतो. हा पैसा वाहतुकीच्या कामांवरच खर्च करण्याचं कायद्याने बंधन आहे, हे मला माहीत आहे. त्याने माझं समाधान होत नाही. एकाच कॅमेऱ्यावर महिनोन्‌महिने नवनवे लोक सापडत असतील तर पाटी नीट नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि याच देशात याहून बरी पद्धत आहे. इंग्लंडमधल्या लंडनबाहेरच्या कौन्सिलांना कॅमेऱ्याने असे दंड करण्याचे अधिकार मे 2022 अखेरीपासून मिळू लागले. त्यांच्यासाठी सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत की नव्या कॅमेऱ्याच्या जागी पहिले सहा महिने पहिल्या चुकीला दंड न करता फक्त सूचनापत्र पाठवावं. दंडही 70 पौंड, लवकर भरल्यास 35. लंडनच्या कौन्सिलांना हे अधिकार आधीपासून वेगळ्या कायद्याने असल्याने त्यांना ही सूचना लागू नाही. तासाभराच्या अंतरावरच्या गावात पहिल्या चुकीला समजुतीचं पत्र आणि आमच्याकडे थेट 160, हे मला पटत नाही.

हे सगळं नाशिककरांना सांगण्याचं कारण वेगळं आहे. गंगापूर रोडला शाळा सुटतानाची दुचाकींची, रिक्षांची आणि व्हॅनवाल्या काकांची गर्दी मी दर सुट्टीत बघते. ती हटायलाच हवी. पण ई-चलनाचा अनुभव आपल्याकडे काय आहे तेही सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या भावाला जुनी गाडी विकायला काढल्यावर कळलं की तिच्यावर किती चलनं बाकी आहेत. मग लोकअदालतीची वाट बघत बसला. अशा व्यवस्थेत शाळेच्या दारातला कॅमेरा आणखी एक वसुलीचं ठिकाण होऊन बसेल.

कायदा मात्र नागरिकाच्या बाजूने बरंच बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 नुसार एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी घालायची आणि ती महिन्यापेक्षा जास्त ठेवायची, तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. महिन्यापुरती असली तरी स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते आणि रस्त्यावर तसे फलक लावावे लागतात. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक असावेत असं त्यात म्हटलं आहे, आणि त्याच वेळी झालेल्या दुरुस्तीत चलनाची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी असंही आलं. नाशिकमध्ये किती कॅमेऱ्यांच्या आधी असा फलक आहे, हे आपल्या वार्ताहराने एकदा फिरून पाहावं, ही विनंती.

माझं म्हणणं असं, की नाशिकने सुरुवात बोल्झानोसारखी करावी. बॅरिकेड लावा, शाळेचा शिपाई, एखादा वाहतूक हवालदार आणि दोन पालक उभे करा, वीस मिनिटं रस्ता बंद ठेवा. माणूस समोर असला की तो रुग्णाला घेऊन निघालेल्या रिक्षाला वाट करून देतो, चुकून आलेल्याला मागे वळवतो. कॅमेरा हे करू शकत नाही. गल्लीत राहणाऱ्यांची बैठक आधी घ्या, त्यांच्या पाहुण्यांचं आणि कामाला येणाऱ्यांचं काय करायचं ते तिथेच ठरवा. आणि पुढेमागे कॅमेरे लागणारच असतील तर पहिले सहा महिने दंड नाही, फक्त सूचनापत्र, ही मागणी पालक आणि रहिवासी दोघांनी मिळून महापालिका आणि वाहतूक शाखेकडे आत्ताच लेखी करून ठेवावी. कॅमेरे लागल्यावर केलेल्या मागणीला काय उत्तर मिळतं, ते वर लिहिलंच आहे.

आपली,
एक वाचक, लंडन
(मूळ गाव नाशिक)