मिस्त्री, आरसी माझ्या नावावर झाली

मिस्त्री, नमस्कार.

काल पोस्टमन माझ्या जुन्या वॅगनआरची आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, देऊन गेला. पाकीट फोडून आधी नाव वाचलं. स्पेलिंग बरोबर, वडिलांचं नावही बरोबर. लगेच आईला व्हिडिओ कॉल लावून कार्ड दाखवलं, तर ती म्हणाली, "त्या मिस्त्रींना पेढे दिलेस का?" पेढे देणारच आहे. पण गाडी घ्यायच्या आधी तुमच्या गॅरेजात ती तपासून दिलीत, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि तोंडावर आभार मानायला लागलं की "ए, दहा-बाराचा पाना आण" म्हणून पोराकडे वळता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, कारण तुम्हीच बजावलंय की नाव टाकलं की गर्दी होते आणि हातातली कामं रखडतात. धनकवडीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बाकीच्यांसाठी सांगते. मी परभणीची, पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. संध्याकाळची ड्युटी संपून हँडओव्हर देईपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. त्या वेळी पीएमटीची बस मिळाली तर मिळाली, नाहीतर रिक्षावाल्याची मर्जी. स्कूटी आहे, पण आई इकडे आली की तिचे गुडघे आणि पुण्याचे खड्डे यांचं जमत नाही. भिशीचे आणि साठवलेले मिळून अडीच लाख होते. त्यात जुनी गाडी बघू असं ठरवलं. लायसन्स होतंच, परभणीला असतानाच काढलेलं.

पुण्यात माझं माणूस म्हणजे एक मावसभाऊ. त्याला गाडीतलं माझ्याइतकंच कळतं, म्हणजे रंग. तरी "पुरुष माणूस बरोबर असू दे" म्हणून घरच्यांनी त्याला माझ्यासोबत धाडलं, आणि तिथून मी जणू दिसेनाशीच झाले. सेकंडहँड गाड्यांच्या ज्या ज्या दुकानात गेलो तिथे मी विचारायचं आणि उत्तर त्याला मिळायचं. "सर, ॲव्हरेज बघा." "सर, सिंगल हँड गाडी." माझ्या वाट्याला एकच प्रश्न: "मॅडमना कलर आवडला ना?" पैसे माझे, कर्ज नाही, रोखीचा व्यवहार, आणि मी कलरची मालकीण.

दुसरं म्हणजे पुण्यातली दर तिसरी जुनी गाडी डॉक्टरची असते. "डॉक्टरांनी वापरलेली आहे सर, एकदम मेंटेन." डॉक्टर लोक गाडी कशी हाकतात ते मी रोज आमच्या पार्किंगमध्ये बघते, त्यामुळे माझ्यावर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही. एका आय-टेनचा मीटर अडतीस हजार दाखवत होता आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं. हे कसं म्हणून विचारलं, तर माझ्या भावाकडे बघत तो माणूस म्हणाला, "सर, आधीचे मालक बूट घालायचे." अजून एका ठिकाणी पाच हजार टोकन दिलं आणि मग कळलं की आरसीवर बँकेचा बोजा तसाच आहे. टोकन परत मागितलं तर "शुक्रवारी या." कुठल्या शुक्रवारी, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

आणि आमच्या हॉस्पिटलमधले ते जाणकार! कँटीनमध्ये गाड्यांवर तासभर बोलायचे. "सिस्टर, मी येतो ना बघायला." रविवार उजाडला की फोन बंद.

तुमचा पत्ता दिला आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरमामांनी. म्हणाले, "कुठलीपण घ्या, पण आधी धनकवडीला दाखवा."

ती चंदेरी स्विफ्ट तुम्हाला आठवत असेल. आरशासारखी चकाकणारी, आतून अत्तराचा वास. दुकानदाराने एका पोराबरोबर ती तुमच्याकडे पाठवली होती. तुम्ही काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवला, आम्ही तापलेल्या पेशंटच्या कपाळावर ठेवतो तसा, आणि म्हणालात, "गाडी आधी अर्धा तास चालवून आणलीय. थंड इंजिन सुरू कसं होतं, ते कळू द्यायचं नव्हतं." मग टेबलाच्या खणातून टॉर्च काढला. माझ्या भावाने सवयीने हात पुढे केला. तुम्ही टॉर्च तसाच धरून विचारलंत, "गाडी कोण चालवणार?"

"ताई."

"मग ह्यांनाच बघू दे."

आणि टॉर्च माझ्या हातात दिलात.

मिस्त्री, तुम्हाला हे आठवतही नसेल. तुम्ही ते काही मोठं मनाने वगैरे केलं नाही, हातोडी द्यावी तसा दिलात. पण किती दुकानं पालथी घातल्यावर कुणीतरी माझ्याकडे बघून बोलत होतं! भावाचा हात तसाच हवेत राहिला, मग त्याने तो खिशात घातला. मला हसू आलं आणि घशाशी काहीतरी दाटूनही आलं. म्हणून मी पटकन वाकले आणि तुम्ही सांगाल तिकडे उजेड मारायला लागले. "टॉर्च धरायची सवय दिसते," तुम्ही म्हणालात. आहेच. रात्री पेशंटच्या डोळ्यांत मारतो आम्ही.

"पट्टा ओढा. अजून. पार शेवटपर्यंत. आता बुडाशी मारा लाइट." सीटबेल्ट वरून नवाकोरा होता. पण रिळात गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्टीवर आडवी तपकिरी रेघ, आणि विणीत बारीक गाळ बसलेला. मग डिकी उघडायला लावलीत, स्टेपनी उचलायला लावलीत. खालच्या खोलगट भागात, जिथे धुणाऱ्याचा हात पोचत नाही त्या कोपऱ्यात, तोच गाळ वाळून चिकटलेला आणि बोल्टाला गंज. कुठलं पाणी असेल म्हणून मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "2019 च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूर बुडलं, सप्टेंबरात आपल्याकडे आंबील ओढा शिरला. गाडी 2017 ची, नंबर एमएच 10. मी काही म्हणत नाही." एमएच 10 म्हणजे सांगली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढचं तुम्ही म्हणालात ते मी ड्युटीवर कितीजणींना सांगितलं असेल. "आज पळेल ही. वायरिंगचे सॉकेट आतून हिरवे पडतात, मग दर पावसाळ्यात एकेक बंद पडतं. आणि तुम्ही रात्री दहाला रस्त्यावर असता." थोडं थांबून, "घेतली असती तर माझं बरं होतं, महिन्याला चक्कर झाली असती."

त्या पोरालाही तुम्ही काही बोलला नाहीत. चहा पाजलात. भाऊ तावातावाने त्याच्यावर घसरायला लागला तेव्हा म्हणालात, "त्याला चावी दिली, तो आला. त्याला कशाला?"

आमच्या वॉर्डात रोज दिसतं हे. आजी बेडवर शुद्धीत असते, टक्क जागी, आणि तिच्या अंगावरून पलीकडे मुलाला विचारतात, "ह्यांना दुखतंय का?" विचारणारा वाईट नसतो, घाईत असतो. पण आजीचा चेहरा बघावा. ज्याचं दुखणं त्याला विचारायचं, ज्याचे पैसे त्याच्याशी बोलायचं, याला काही पदवी लागत नाही, वेळही फार लागत नाही. तरी मला ते अख्ख्या बाजारात मिळालं नाही आणि पत्र्याच्या एका शेडमध्ये मिळालं. भली माणसं संपली असं आमच्याकडे नातेवाईक जिन्यात बसून बोलत असतात. संपलेली नाहीत. बोर्डावर मोठं नाव नसतं एवढंच.

मग बिबवेवाडीच्या निवृत्त काकांची 2013 ची वॅगनआर आली. हिच्या दोन्ही बंपरवर ओरखडे, डाव्या दाराला पोचा. माझा चेहरा पडला. तुम्ही मात्र खूश. "हे पुण्याचे डाग आहेत, ह्यांना घाबरायचं नाही. दहा वर्षांच्या गाडीवर एकपण ओरखडा नसेल तर विचारा, नवा रंग कधी मारला." दाराचं रबर सोलून कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके दाखवलेत, सगळ्या काचांवर छापलेलं वर्ष जुळवायला लावलंत, म्हणजे गाडी ठोकून दुरुस्त केलेली नाही हे कळतं. इंजिन थंड होतं, पहिल्या चावीला सुरू झालं. "हिच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ऑइल वेळेवर बदला, ती काही मागत नाही."

टायरवरचे शेवटचे चार आकडे मीच वाचले. 3118. म्हणजे 2018 चा एकतिसावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक झालेलं. काकांनी भावाकडे बघून किंमत सांगायला सुरुवात केली, तर मीच म्हणाले, "काका, टायर बदलावे लागणार. दहा हजार कमी करा." काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग टायरकडे, आणि आठ कमी केले. तुम्ही तेव्हा दुसऱ्याच गाडीखाली आडवे होतात, पण तुमचे पाय हलले. तुम्ही हसत होतात, मिस्त्री, मला कळलं.

कागदपत्रांचे खेटे लिहीत बसत नाही, ज्यांनी घातलेत त्यांना माहीत आहेत. फक्त तुम्ही आठवण केली नसती तर राहून गेलं असतं ते एक सांगते, माझ्यासारख्या नव्यांना उपयोगी पडेल. विम्यातला गाडीच्या नुकसानीचा भाग गाडीबरोबर आपोआप आपल्या नावावर होत नाही. 14 दिवसांच्या आत कंपनीला कळवावं लागतं, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाकडेच राहतो. आणि तुमचं ते पहिल्याच दिवशीचं वाक्य: "अडीच असतील तर सव्वादोनची बघा. वरच्या पंचवीसला हात लावायचा नाही." ते पंचवीस टायर, बॅटरी, ब्रेक पॅड आणि विम्यात बघता बघता गेले. ते बाजूला नसते तर गाडी दारात आणि मी स्कूटीवर, अशी गत झाली असती.

एक गोष्ट तुम्ही गोड करून सांगितली नाहीत, तेही बरं केलंत. "हिच्यात एअरबॅग नाही. ड्रायव्हरची सक्तीची झाली 2019 ला, ही त्याआधीची. हायवेला ऐंशीच्या वर जायचं नाही, आणि मागे बसणाऱ्यानेपण पट्टा लावायचा." मागच्या आठवड्यात आईला आणायला परभणीला गेले तेव्हा पाथर्डी, माजलगाव, पाथरी, मानवत करत ऐंशीच्या आतच गेले. ट्रॅव्हल्सवाले हॉर्न मारून ओव्हरटेक करत होते, करू दे. आई परतताना मागे आडवी पडून झोपायची म्हणत होती. तिला पट्टा लावून बसवलं, तर म्हणाली, "तुझ्या मिस्त्रीने सांगितलं असेल." आता आमच्या घरात कुठल्याही गोष्टीत तुमचं नाव येतं, उचकी लागत असेल तर समजून घ्या.

आता दोन कामाच्या गोष्टी. आमच्या वॉर्डातली हिंगोलीची एक सिस्टर गाडी बघतेय, बजेट दोन लाख. तिला पाठवतेय. तिच्याकडून गाडी बघायची फी घ्यायची, मी तिला तसं सांगूनच ठेवलंय, आणि तुम्ही नाही म्हणालात तर ती तुमच्या पोराच्या हातात ठेवून येईल. दुसरं, स्पीड ब्रेकरवरून जाताना डाव्या बाजूला मागे कुठेतरी टकटक वाजतं. आईला घेऊन बसलं की जास्त. मला वाटतं शॉकॲब्जॉर्बरचं बुश गेलंय, पण तुम्ही बघा. गुरुवारी मला सुट्टी आहे, सकाळी पेढे घेऊन येते.

तुमची,
वॅगनआरवाली सिस्टर