तो झेब्रा नाही, आणि ती अबलखही नाही

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण छोट्या घोड्यांची, म्हणजे मिनिएचर जातीची, दोन छायाचित्रे छापलीत. एकाखाली ओळ होती 'झेब्र्याचा अंश असलेले शिंगरू', दुसऱ्याखाली 'दुर्मिळ अबलख घोडी'. दोन्ही ओळी चुकल्या आहेत. माझ्याकडे पशुवैद्यकाची पदवी नाही. गेली अठरा वर्षे याच घोड्यांना खरारा करणे, प्रदर्शनाआधी त्यांचे केस उतरवणे आणि घोडी विणार असली की रात्र जागवणे, एवढेच मी करत आले. पण घोड्याच्या केसांशी जितका माझा संबंध आला तितका माझ्या स्वतःच्या केसांशीही आला नसेल, म्हणून लिहायचे धाडस करते.

आधी ते शिंगरू. मातकट पिवळे अंग, पाठीच्या मधोमध आयाळीपासून थेट शेपटीत उतरलेली काळी रेघ, गुडघ्यांपाशी आडवे पट्टे, खांद्यावर सावली पडल्यासारखी एक पुसट पट्टी. वर ताठ उभी आयाळ. मला वाटते, त्या आयाळीनेच आपल्या लेखकाला चकवले. पण शिंगराची आयाळ ताठच असते, मग ते कोणत्याही जातीचे असो. ती वाढून एका अंगाला पडायला बराच काळ जातो. झेब्र्याचा संकर असता तर कान लांब दिसले असते, आणि पायांवरचे पट्टे गुडघ्यापाशी न थांबता एकाखाली एक खाली उतरत गेले असते. दुसरे म्हणजे मैदानी झेब्र्याची गुणसूत्रे ४४ आणि घोड्याची ६४. त्यांचे पिल्लू ५४ घेऊन जन्मते आणि बहुतेक वेळा वांझ राहते. आपल्याच मजकुरात पुढे म्हटले आहे की या शिंगराची आजीही अशीच पट्टेवाली होती. वांझ जनावराला नातवंडे कशी झाली, हे तरी ओळ लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायचे होते.

या रंगाला इंग्रजीत डन म्हणतात. जुन्या घोडेवाल्यांचा 'समंद' हा शब्द त्याच्या सर्वांत जवळ जातो. पाठीची रेघ आणि पायांचे पट्टे ही त्याची खूणच. रानटी प्रझेवाल्स्की घोड्याच्या अंगावरही हेच आहे. २०१६ मध्ये संशोधकांना त्यामागचे टीबीएक्स३ हे जनुक सापडले, आणि त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला फार आवडली. अशा घोड्याच्या अंगावरच्या केसात रंग एकाच कडेला साठतो, दुसरी कड जवळजवळ कोरी राहते, म्हणून अंग फिकट दिसते. रेघेतल्या केसात मात्र रंग चहूबाजूंनी भरलेला असतो. म्हणजे रेघ कोणी वरून ओढलेली नसून बाकीचे अंगच उतरलेले आहे! त्याच जनुकाचे आणखी एक रूप आहे, त्यात अंग फिकट होत नाही, पण रेघ पुसटशी राहते. सुमारे ४३,००० वर्षांपूर्वीच्या घोड्याच्या अवशेषांतही ही दोन्ही रूपे मिळाली आहेत. झेब्र्याकडे उसनवारी करायची घोड्याला गरज नाही. १८५९ मध्ये डार्विननेही घोड्यांच्या अंगावरचे असे पट्टे गोळा करून ते सामाईक पूर्वजाकडे बोट दाखवतात, असेच म्हटले होते.

आपली चूक नवी नाही, एवढे समाधान मानून घ्या. ब्रिटनमधले उमराव लॉर्ड मॉर्टन यांच्या तांबूस घोडीला क्वागापासून (झेब्र्याचा हा प्रकार आता नामशेष झाला आहे) एक संकरित पिल्लू झाले. पुढे तिला काळ्या अरबी घोड्यापासून झालेल्या शिंगरांच्या पायांवर पट्टे दिसले, आणि १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने ती हकीकत छापली. पहिल्या नराचा ठसा मादीत कायमचा राहतो, अशी समजूत त्यावरून जी पसरली ती पुढे अनेक दशके टिकली. शेवटी १८९०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये प्राणिशास्त्रज्ञ कॉसर युअर्ट यांनी खरोखरच झेब्रा पाळला, घोड्या आधी त्याच्याशी आणि नंतर घोड्यांशी जुळवल्या, आणि ती समजूत मोडीत काढली. झेब्र्याचे तोंडही न पाहिलेल्या घोड्यांच्या शिंगरांवरही पट्टे येतात.

यातले काही पट्टे तर पाहुण्यासारखे येतात आणि जातात. आमच्याकडे एका कुमैत (तांबडे अंग, काळी आयाळ-शेपटी) घोडीला झालेल्या शिंगराच्या पाठीवर ठसठशीत रेघ होती, पायांवर पट्टे होते. एक गृहस्थ ते पट्ट्यांसाठी विकत घ्यायला आले. मी म्हटले, बाळकेस झडेपर्यंत थांबा. त्यांना वाटले मी भाव वाढवते आहे. साडेतीन महिन्यांनी केस झडले आणि खालून साधे, सुंदर, एकसारखे कुमैत अंग निघाले. गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

आता घोडी. अबलख म्हणजे पांढरे आणि रंगीत असे वेगवेगळे मोठे पट्टे-ठिगळे. कडा स्पष्ट, लांबून दिसणाऱ्या. आपल्या घोडीच्या अंगावर एकही ठिगळ नाही. तिच्या अंगावर पांढरे आणि तांबडे केस एकात एक मिसळलेले आहेत, तिळगुळात तीळ दिसावेत तसे. हे रोन, हिंदी-उर्दूत घोड्यांच्या रंगांमध्ये याला 'गर्रा' हा शब्द आहे आणि मराठीने तो खुशाल घ्यावा. ओळखायची खूण अशी की डोके आणि पायांचा खालचा भाग गडद राहतो, आणि पायाचा गडद रंग गुडघ्याच्या वर निमुळता होत टोकदार संपतो. आपल्या छायाचित्रात हे टोक इतके स्वच्छ दिसते आहे की छायाचित्रकाराचे कौतुक केले पाहिजे.

पण नुसते 'पांढरे केस मिसळलेत' म्हणून रोन म्हणायचे असेल तर माझी फजिती ऐका. बारा वर्षांपूर्वी मी एक वर्षाची घोडी रोन म्हणून घेतली. दुसऱ्या वर्षी तिचा चेहरा फिकटला, तेव्हाच खरे तर कळायला हवे होते. रोनचे डोके असे उजळत नाही. डोळ्यांभोवती पांढरट कडी तिला पहिल्यापासून होती, ती मी पाहिली होती आणि गोड मानून सोडून दिली होती. सहाव्या वर्षी ती जवळजवळ पांढरी झाली. ती ग्रे होती. रोन वर्षागणिक असा पांढरा होत जात नाही, ग्रे होतो. फरक नुसता नावाचा नाही: ग्रे घोड्यांना म्हातारपणी त्वचेत काळ्या गाठी होतात, पंधरा वर्षांपुढच्या बहुतेकांना. तिच्या शेपटीखाली मी आता दर महिन्याला हात फिरवून पाहते. तिसरी एक गंमत म्हणजे ठिपकेदार जातीतला 'व्हार्निश रोन'. त्यात नाकाच्या हाडावर आणि गालांच्या कडांवर रंग टिकून राहतो, बाकीचे अंग उतरत जाते. त्याचे जनुक दोन्हीकडून आले तर जनावराला रात्री दिसत नाही. म्हणजे अंधारात गोठ्याच्या दाराला धडकणाऱ्या घोड्याला हट्टी म्हणण्याआधी त्याचे नाक पाहावे.

खरे वाघासारखे, वरून खाली उतरणारे पट्टे, ज्यांना ब्रिंडल म्हणतात, ते मात्र घोड्यात दुर्मिळच. त्यांची कारणेही एक नाहीत. कधी गर्भात दोन भ्रूण एकत्र होऊन एकच जनावर जन्मते, आणि अंगावर दोन भावंडांचे रंग पट्ट्यापट्ट्यांनी उतरतात. त्याच्या पोरांना हे पट्टे मिळत नाहीत. क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीच्या एका घराण्यात ते आईकडून येतात, असे २०१६ मध्ये दिसले. तिथे बदल एक्स गुणसूत्रावर आहे. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी जातो, म्हणून तिच्या अंगावर पट्टे उमटतात. नराकडे एकच एक्स, त्याला पट्टे नाहीत, नुसती विरळ आयाळ आणि विरळ शेपटी. आणि १९८२ साली जन्मलेला ऑस्ट्रेलियातला कॅच अ बर्ड हा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, घोडा! त्याच्या अंगावर पांढरे पट्टे होते, पण त्याची काही शिंगरे पट्टेवाली न होता रोन निघाली. बापाच्या अंगात जे तुकड्यातुकड्याने होते ते पोरांच्या सगळ्या अंगभर पसरले. हे वाचल्यापासून पट्टे आणि रोन यांना मी वेगळ्या खोल्यांत ठेवत नाही.

एक सावधगिरी. दोन वर्षांपूर्वी एका घोड्याच्या पाठीवर जाळीसारख्या पांढऱ्या रेघा उमटल्या आणि मालक हरखून गेले. मी खराऱ्याखाली बोट फिरवले तर खपल्या लागल्या. डॉक्टरांनी सांगितले, हा त्वचेचा विकार आहे. खपल्या गेल्या तरी केस पांढरेच उगवतील. तसेच झाले. मालक त्याला अजूनही 'दुर्मिळ रंग' म्हणून दाखवतात.

मिनिएचर घोड्यांत ही गफलत जास्त होते, कारण त्यांचा हिवाळी केस अस्वलासारखा वाढतो. टोकाला एक रंग, मुळाशी दुसरा. मशीन फिरवले की काळपट घोडा उंदरी होऊन बाहेर येतो आणि मालक मला विचारतो, माझा घोडा कुठे आहे. अमेरिकेतल्या या जातीच्या संस्थेने नोंदणीला उंचीची अट घातली आहे, आयाळीच्या शेवटच्या केसापाशी जास्तीत जास्त ३४ इंच. रंग तिला कोणताही चालतो. तरी घेणारे रंगच पाहतात, जबडा आणि पाय नंतर, आणि या जातीत जबडा आणि पाय बिघडवणारा खुजेपणाचा जन्मजात दोष असताना तो क्रम उलटा हवा.

तेव्हा पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापावी: पहिले डन, दुसरी रोन. आणि घोडीच्या डाव्या खांद्यावरच्या गडद डागाला मजकुरात 'जन्मखूण' म्हटले आहे, तेही काढावे. रोन घोड्याला ओरखडा पडला की जखमेवरचा नवा केस पांढऱ्याशिवाय, नुसता गडद येतो. तिला कोणीतरी चावले आहे. डागाच्या आकारावरून शेजारच्या खणातल्याचेच काम असावे.

आपली,
एक जुनी वाचक