१८ पर्यंत लावणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर "बरं बरं, ट्यूब धुऊन ठेव" एवढंच म्हणून तुम्ही उठला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

विद्यापीठात तुमच्या एनएमआर मशीनपाशी आले तेव्हा माझ्या पीएचडीचे सहा आठवडे वाया गेले होते. माझं कंपाऊंड बेंझॉइलअ‍ॅसिटोनच्या घराण्यातलं. बाहेरच्या लॅबमध्ये पैसे भरून काढलेल्या एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन कसे बसलेत ते दाखवणारा आलेख) पीक, म्हणजे आलेखावरचे उंचवटे, दोन-दोन संचांत येत होते (आमच्या घरी पीक म्हणजे ऊस, त्यामुळे हे दुःख घरी सांगायचीही पंचाईत). आलेखाच्या पट्टीवर ६.२ पीपीएमला एक मोठा, ४.१ ला एक बारीक. आयआर या दुसऱ्या तपासणीत कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) १६८० च्या आसपास हवा, तो १६०० कडे पसरून बसलेला. जो तो एकच सांगे, "इम्प्युअर आहे, कॉलम पुन्हा लाव." म्हणजे नळीतून गाळून पुन्हा शुद्ध कर. लावला. तीनदा विरघळवून पुन्हा स्फटिक पाडले, म्हणजे रिक्रिस्टलाइजही केलं. बारीक पीक तिथंच. एका मोठ्या माणसाने तर कागद नीट न बघताच "तुमच्या हाताला सफाई नाही" म्हणून परत दिला. हे अजून डोक्यातून गेलेलं नाही, आणि इतक्यात जाईल असंही वाटत नाही.

तुम्ही तो कागद उलटा-सुलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलंत, "पोरी, हा आलेख १२ पीपीएमलाच का थांबवलाय?"

मला काय माहीत! सगळे तिथंच थांबवतात.

डबा उघडून ठेवला होता तुम्ही, भाकरी अर्धी खाल्लेली. तो तसाच झाकलात, ट्यूब पुसून आत सोडलीत आणि १८ पर्यंत रन लावलात. १६ च्या जरा पुढे एक बसकी, रुंद टेकडी उठली. तुम्ही पेन्सिलीने तिच्यावर गोल काढलात आणि म्हणालात, "हा बघ तुझा चोर." माझ्या रेणूचं एक रूप इनॉल, दुसरं कीटो; आणि हा दोन ऑक्सिजनच्या मधे अडकलेला इनॉलचा हायड्रोजन. ६.२ त्याच इनॉलचा, ४.१ कीटोचा. दोन्ही रूपं द्रावणात एकमेकांत बदलत राहणारी. कितीही गाळा, विरघळलं की पुन्हा दोन्ही हजर. १६०० चं कोडंही त्यातच सुटलं, कारण हायड्रोजन बंधात गुंतलेला कार्बोनिल खाली सरकतोच.

माझे वडील गुळव्या. काहिलीतला पाक पाण्यात सोडून बोटांत गोळी दाबतात आणि आच कधी काढायची ते ठरवतात. घाईत कधी बघत नाहीत. तुम्ही स्क्रीनकडे तसंच बघत होता. मशीन तर त्या बाहेरच्या लॅबकडेही आहे, आणि बिलं तर तिथं फार सुबक छापतात. पण परक्या पोरीसाठी जेवण अर्धवट सोडणारा माणूस तिथं नव्हता. वर सही तुमची नाही, पेपरवर नाव तुमचं नाही, आणि तुम्हाला त्याचं काही वाटतही नाही. अशा माणसांवर आमच्यासारख्यांच्या पीएचड्या उभ्या आहेत, हे व्हायवाला कुणी विचारत नाही.

पेन्सिलीचा गोल असलेला कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय. वडिलांनी तुमच्यासाठी एक किलोचा गुळाचा रवा काढून ठेवलाय, सोमवारी घेऊन येते. सोबत नवीन सॅम्पलही आहे. त्यात बहुतेक काही निघणार नाही, पण १८ पर्यंतच लावा.

तुमची,
ती कॉलमवाली