आई, कोणत्या कडेवर?

प्रिय आई-बाबा,

रोज फोन असतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण फोनवर गोळ्या घेतल्या का आणि गुडघा कसा आहे यातच वेळ जातो.

पाच महिने झाले, मी रोज सकाळी चालते. आधी दहा हजार पावलांचं वेड होतं. मग कळलं की तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. तेव्हापासून मोजणं सोडलं, आणि डोकं मोकळं झालं.

परवा ऊन पाठीवर होतं, सावली पुढे पडलेली. तिच्याकडे बघून दचकलेच. हात मागे बांधलेले, डावा खांदा जरासा उतरलेला. बाबा, ते तुम्ही होतात! घरी येऊन बूट उलटे करून पाहिले, तर उजव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली. तुमच्या चपला अगदी तिथेच झिजायच्या आणि आई ओरडायची, "पाय घासत चालू नका." आजोबांचीही चाल अशीच होती का? मला ते फक्त खुर्चीत बसलेले आठवतात.

तेव्हापासून चालताना हाच हिशेब सुरू असतो. दोन आई-बाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. दहा पिढ्या मागे गेलं तर एकाच ओळीत १०२४ माणसं. (नात्यात लग्नं झाली असतील तर काही नावं दोनदा येतील, ते सोडा.) बाबांच्या कपाटातल्या वंशावळीत त्या १०२४ मधला एकच पुरुष आहे, आणि बाई एकही नाही. घराणं घराणं म्हणतो ते एवढंच, एक बारीक रेघ. बाबा, रागावू नका, तुम्ही ती किती जपून ठेवलीय ते मला माहीत आहे.

आता खरं सांगायचं ते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये व्हाइट सँड्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे एका आटलेल्या तळ्याच्या काठी दहा हजार वर्षांहून जुने पावलांचे ठसे सापडले. चालणारी बहुधा एक तरुण बाई, किंवा वयात येणारा मुलगा. चिखलात पाय घसरतायत, तरी झपाझप चाललेली. आणि मध्येच, तिच्या पावलांशेजारी, दोन-तीन वर्षांच्या मुलाचे इवलेसे ठसे. थोडे उमटतात, मग नाहीसे होतात. हात भरून आला की खाली उतरवायचं, दम घेतला की पुन्हा उचलायचं. दीड किलोमीटर हे असंच. परत त्याच वाटेने आलेली पावलं आहेत, पण येताना मूल नाही. मधल्या वेळात एक मॅमथ, म्हणजे हत्तीचा प्राचीन भाऊबंद, ती वाट ओलांडून गेला, आणि एक अजस्र स्लॉथही, तोही आता नामशेष झालेला प्राणी. मुलाला कुणाकडे सोडलं, का सोडलं, काहीच कळत नाही.

हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी चालताना एकच गोष्ट डोक्यात. मूल कडेवर असलं की बाईचा तोल एका बाजूला जातो. आई, तू मला कोणत्या कडेवर घ्यायचीस? तुझी कंबर डावीकडे दुखते, ती त्यामुळे का? आणि आजी तुला कोणत्या कडेवर घ्यायची, तिने कधी सांगितलं होतं? माझ्या जन्माची तारीख आणि वेळसुद्धा लिहून ठेवलीय आपल्याकडे, पण हे कुठेच नाही.

पुढच्या महिन्यात येते. संध्याकाळी तिघं मिळून चालू, गुडघ्याला झेपेल तेवढंच. मी मागून चालेन, मला तुमची पावलं बघायची आहेत. कागद-पेन घेऊन येणार आहे, आजीच्या आईचं नाव आठवून ठेव.

आणि कडेचं उत्तर तू स्वतः लिही. बाबांना विचारू नकोस, ते ठोकून देतील.

तुमची,
धाकटी